पाणबुडी निघून गेली, बेट तिथेच राहिलं

अंदमान म्हटलं की मराठी माणसाच्या डोक्यात एकच फोल्डर उघडतो. कोलू, खोडाबेडी, बारी साहेब, सावरकर. ४ जुलै १९११ ला सावरकर तिथे उतरले, १९२१ ला त्यांना तिथून हलवलं आणि आपल्या डोक्यातलं अंदमानही त्याच वर्षी बंद पडलं. त्यानंतर थेट हनिमून पॅकेज. माझंही तसंच होतं. मी लातूरचा. आमच्याकडे समुद्र म्हणजे टीव्हीत दिसणारी गोष्ट. इंजिनिअरिंगसाठी नांदेडला आलो तेव्हा विष्णुपुरीचं बॅकवॉटर बघून 'बाप रे, किती पाणी' असं झालेला मी. पाणबुडी वगैरे शब्दांशी माझा संबंध सिनेमापुरता.

पण त्याच अंदमानवर दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षं जपानचं राज्य होतं. आणि त्या काळात तिथे रात्रीच्या अंधारात पाणबुडीतून हेर उतरत होते. ही गोष्ट मी दोन-तीन महिने रात्री जेवणानंतर मोबाइलवर वाचत होतो. सुरुवात केली पाणबुडीसाठी, अडकलो मात्र भलत्याच ठिकाणी.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून. अंदमान टिकवणं आता शक्य नाही हे ब्रिटिशांना कळून चुकलं. तिथे असलेली गुरखा तुकडी त्यांनी १० मार्चला काढून घेतली. २३ मार्चला जपानी सैन्य दक्षिण अंदमानात उतरलं आणि तीन-चार तासांत पोर्ट ब्लेअर त्यांच्या हातात आलं. कुणी गोळी झाडली नाही. सेल्युलर जेलचे दरवाजे उघडले, कैदी सुटले. ज्या लोकांनी आयुष्यभर ब्रिटिशांचा तुरुंग बघितला होता त्यांना सुरुवातीला हे बरंच वाटलं असणार. आशियातलेच लोक आले, गोरे गेले.

डेनिस मॅकार्थी हा पोर्ट ब्लेअरचा युद्धापूर्वीचा पोलीस प्रमुख. बेटं, खाड्या, जंगलातल्या वाटा, माणसं, सगळं त्याच्या ओळखीचं. जानेवारी १९४३ मध्ये त्याला आणि मूठभर हिंदी सैनिकांना घेऊन एक पाणबुडी कोलंबोहून निघाली. पाणबुडी डच होती. नाव ओ-२४. मे १९४० मध्ये हॉलंड जर्मनांच्या हाती पडत असताना ती नुकती कुठे तयार होत होती आणि तशीच इंग्लंडला निसटली होती. स्वतःचा देश शत्रूच्या ताब्यात असलेले खलाशी, दुसऱ्याच एका व्यापलेल्या बेटावर ब्रिटिश अधिकाऱ्याला सोडायला निघाले होते.

इथे इंजिनिअर म्हणून मला थांबावंच लागेल. डचांनी या जातीच्या पाणबुड्यांना एक नळी बसवली होती. पाण्याखाली राहूनच वरची हवा ओढायची आणि डिझेल इंजिन चालवायचं. आज आपण तिला स्नॉर्कल म्हणतो. ब्रिटिश नौदलाला ही भानगड नको वाटली, त्यांनी नळ्या काढून टाकल्या. पुढे जर्मनांनी ताब्यात आलेल्या डच पाणबुड्यांवरून तीच कल्पना उचलली आणि युद्धाच्या शेवटी शेवटी आपल्या पाणबुड्यांना लावली. आपल्या हातातलं फीचर डिलीट करायचं आणि ते समोरच्याने शिप करायचं, हा प्रकार सॉफ्टवेअरच्या आधीपासून चालत आलेला आहे तर.

नळी नाही म्हणजे काय? तर पाण्याखाली असताना फक्त बॅटरी. बॅटरी संपत आली की रात्री वर यायचं, इंजिन चालवून ती चार्ज करायची, उजाडायच्या आत परत खाली. कोलंबो ते अंदमान साधारण दीड हजार किलोमीटर. किनारा आला की दिवसभर पाण्याखाली राहून पेरिस्कोपमधून तो न्याहाळायचा. कुठे प्रवाळाचा खडक आहे, कुठे खारफुटी, धूर दिसतो का, बोट फिरते का. मग अंधार पडल्यावर वर यायचं आणि घडीच्या, कापडी कातड्याच्या होड्या पाण्यात सोडायच्या. माणसं एकदा उतरवणं सोपं. पण महिना-दोन महिन्यांचं धान्य, वायरलेस, त्याच्या बॅटऱ्या, हत्यारं, औषधं हे सगळं त्या डुगडुगत्या होडीतून लाटांवरून न्यायचं म्हणजे खेपाच खेपा. आणि ही सगळी वेळ पाणबुडी उघड्या पाण्यावर उभी. पाणबुडीच्या कॅप्टनसाठी याहून वाईट वेळ नाही.

मध्य अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर ही मंडळी उतरली. तो किनारा निवडायचं कारण सरळ आहे, तिथे जपानी नव्हते. जपानी का नव्हते? कारण तो जारवांचा मुलूख. जारवांच्या बाणांना ब्रिटिश आणि जपानी असा फरक माहीत नव्हता आणि का असावा? बेट त्यांचं. मॅकार्थीच्या माणसांना म्हणून दोघांपासून लपायचं होतं. तळ ठोकून तो निवडक सोबत्यांना घेऊन दक्षिणेकडे, पोर्ट ब्लेअरच्या दिशेने गेला, जपान्यांची ठाणी, तोफा, माणसं यांची माहिती गोळा केली आणि मार्चमध्ये पाणबुडी त्यांना परत घेऊन गेली. या मोहिमांना दिलेली सांकेतिक नावं 'बंकम' आणि 'बाल्डहेड' अशी आहेत. एकाचा अर्थ फालतू बडबड, दुसऱ्याचा टकलू. १९४३ च्या अखेरीपासून पुढे आणखी तुकड्या अशाच उतरल्या.

ही कामं करणारी संघटना म्हणजे ब्रिटिशांच्या 'स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह'ची हिंदुस्थानातली शाखा, जिला पुढे फोर्स १३६ हे नाव मिळालं. हिचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. तिची गनिमी युद्धाची शाळा पुण्याजवळ खडकवासल्याला होती. जपानव्याप्त मलायात पाठवायचे चिनी तरुण तिथे तयार होत होते. आणि त्याच तलावाच्या उत्तर काठावर भूदल-नौदलाचं एक संयुक्त प्रशिक्षण केंद्र होतं. सैनिकांना जहाजातून किनाऱ्यावर उतरायची सवय व्हावी म्हणून तिथे एक नकली जहाज बांधलं होतं, 'एच. एम. एस. अँगोस्टुरा'. समुद्रापासून शंभर किलोमीटरवर, पुण्याच्या पिण्याच्या पाण्यात, आरमारी लढाईची तालीम! आज एनडीए आहे ती जागा निवडताना हे केंद्रही एक कारण होतं. शनिवार-रविवारी कणीस आणि कांदाभजी खायला आम्ही खडकवासल्याला जातो, पण तिथल्या पाण्यावर हे सगळं झालंय हे मला पुण्यात पाच वर्षं नोकरी करूनही कुणी सांगितलं नव्हतं.

मलायात उतरवायचं कामसुद्धा ओ-२४ ने केलं. मे १९४३ मध्ये जॉन डेव्हिस आणि त्याचे चिनी साथीदार तिच्यातूनच गेले. त्यांच्या पाठोपाठ त्याच वर्षी गेलेला लिम बो सेंग हा सिंगापूरचा व्यापारी १९४४ मध्ये पकडला गेला आणि बातू गाजाच्या तुरुंगात मरण पावला. तो निदान जाणूनबुजून गेला होता. पकडलो गेलो तर काय, हे त्याला माहीत होतं.

माझं लक्ष अडकलं ते दुसऱ्या लोकांवर. जे कुठे गेलेच नव्हते त्यांच्यावर.

सिंगापूरचं उदाहरण आधी सांगतो, कारण ते जास्त स्वच्छ दिसतं. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाहून आलेले चौदा जण 'क्रेट' नावाच्या एका जुन्या मासेमारी बोटीतून सिंगापूरजवळ पोचले. त्यातल्या सहा जणांनी घडीच्या होड्यांतून बंदरात शिरून जहाजांना सुरुंग चिकटवले, सात जहाजं बुडवली किंवा निकामी केली आणि सगळे सुखरूप परत गेले. जपानी लष्करी पोलीस, म्हणजे केंपेताई, यांच्या डोक्यात हे शिरेचना. इतक्या लांबून कुणी येईल कसं? म्हणजे काम आतल्याच कुणाचं तरी. १० ऑक्टोबरला त्यांनी चांगीच्या नागरी कैद्यांवर आणि शहरातल्या लोकांवर धाड घातली. ५७ जणांना उचललं, महिनोन् महिने छळलं. १५ जण मेले. त्यांच्यापैकी एकाचाही त्या सुरुंगांशी संबंध नव्हता.

प्रॉडक्शनवर काही पडलं की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, 'शेवटचा बदल कुणी केला?' जो समोर असतो, ज्याचं नाव लॉगमध्ये दिसतं, तो सापडतो. खरं कारण तिसऱ्याच सर्व्हरवर असतं. आमच्याकडे फार तर एखाद्याचं अप्रेझल जातं. केंपेताईच्या पद्धतीत आणखी एक खोट होती. छळ केला की माणूस नाव सांगतो. त्या नावाला उचललं की तो आणखी दोन सांगतो. म्हणजे जितकं जास्त छळावं तितका कट मोठा दिसायला लागतो. कट मुळात नसला तरी.

पोर्ट ब्लेअरला नेमकं हेच झालं. ब्रिटिश विमानं येत होती, जहाजांवर हल्ले होत होते, आणि बातमी बाहेर जातेय हे जपान्यांना दिसत होतं. सगळा दोष पाणबुडीवर टाकणं बरोबर नाही. जपान्यांचा संशय तिच्यापेक्षा जुना होता आणि त्याला इतरही खतपाणी मिळत होतं. पण बातमी नेणारी माणसं खरोखर होती, ती पश्चिमेच्या जंगलात होती, आणि जपानी त्यांना शोधत होते शहरात. दवाखान्यात, शाळेत, कचेरीत. जिथे हात पोचत होता तिथे.

डॉ. दिवानसिंग यांचं नाव मला नांदेडमुळे थांबून वाचावंसं वाटलं. आम्ही कॉलेजची पोरं महिन्याच्या शेवटी खिसा रिकामा झाला की हुजूर साहेबला लंगरला जायचो. गुरुगोविंदसिंगजींचं १७०८ मध्ये जिथे निर्वाण झालं ते हे ठिकाण. पण आमच्यासाठी तेव्हा ते आधी वरण-पोळी होतं, मग इतिहास. शीख म्हणजे आपल्याच गावची माणसं, ही भावना नांदेडात राहिलेल्या कुणालाही कळेल. तर हे दिवानसिंग सियालकोटकडचे, लष्करात डॉक्टर, १९२७ मध्ये पोर्ट ब्लेअरला बदलून आलेले. पंजाबीत मुक्तछंद लिहिणाऱ्या सुरुवातीच्या कवींपैकी एक. 'वगदे पाणी', म्हणजे वाहतं पाणी, हा त्यांचा संग्रह १९३८ चा. काळ्या पाण्याच्या ठिकाणी बसून माणूस वाहत्या पाण्याचा संग्रह काढतो! पुढे लोकांनी 'कालेपाणी' हेच त्यांच्या नावाला जोडलं.

जपानी आल्यावर लोकांच्या वतीने त्यांच्याशी बोलणाऱ्यांत दिवानसिंग पुढे होते. इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या स्थानिक शाखेचे ते प्रमुख. म्हणजे हा माणूस ब्रिटिशांचा हस्तक असण्याची शक्यता कागदावरही कमी. जपानी सैनिकांसाठी आणलेल्या कोरियन स्त्रियांना ठेवायला गुरुद्वाऱ्याची जागा मागितली गेली तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला, असं सांगतात. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना हेर म्हणून पकडलं. सेल्युलर जेलमध्ये ८२ दिवस छळ झाला. १४ जानेवारी १९४४ ला ते गेले.

आता या ८२ दिवसांच्या मधोमध काय आहे ते पाहा. २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापूरला आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर झालं. नोव्हेंबरात तोजोने अंदमान-निकोबार या सरकारकडे देण्याची घोषणा केली. २९ डिसेंबरला नेताजी सुभाषचंद्र बोस पोर्ट ब्लेअरला उतरले, ३० तारखेला तिरंगा फडकवला. बेटांना शहीद आणि स्वराज अशी नावं द्यायची ठरली. त्यांना सेल्युलर जेलही दाखवला गेला. त्या दिवशी त्याच जेलमध्ये दिवानसिंग जिवंत होते, आणि त्यांच्यासारखे इतरही अनेक. नेताजींना जो भाग दाखवला त्यात ते नव्हते. जपान्यांनी नेताजींभोवती माणसांचं कडं असं ठेवलं होतं की लोकांचं गाऱ्हाणं त्यांच्यापर्यंत पोचणं अवघड होतं.

यावर मित्रांच्या ग्रुपवर दोन तट पडतात हे मी बघितलंय. एक म्हणतो त्यांना माहीत असणार, दुसरा म्हणतो नेताजींबद्दल बोलूच नका. मला दोन्हीत रस नाही. मला एवढंच दिसतं की तीन दिवसांच्या पाहुण्याला यजमान जेवढं दाखवतो तेवढंच दिसतं, आणि इथे यजमानाच्या हातात बंदूक होती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नेताजी स्वतः एका जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत चढले होते, मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात, रबरी होडीतून. सोबत एकच हिंदी माणूस, आबिद हसन. आपल्या हैदराबादचा. आपल्या म्हणजे तेव्हा नांदेड-लातूरही हैदराबाद संस्थानातच होतं. एकाच वर्षात पाणबुड्या दोन्ही बाजूंनी माणसं वाहत होत्या. नेताजींनी नंतर फेब्रुवारी १९४४ मध्ये कर्नल लोगनाथन यांना बेटांचे आयुक्त म्हणून पाठवलं, पण पोलीस जपान्यांनी सोडलेच नाहीत. पोलीस नसलेला आयुक्त काय करणार? काही महिन्यांत लोगनाथन परत गेले.

ते यायच्या आधीच, ३० जानेवारी १९४४ ला, पोर्ट ब्लेअरपासून जवळच हम्फ्रीगंजला ४४ हिंदी माणसांना नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. आरोप हेरगिरीचा. त्यातले बरेच इंडियन इंडिपेंडन्स लीगचेच लोक होते. झेंडा फडकून बरोबर एक महिना झाला होता.

आणि ज्या कामासाठी ती माहिती हवी होती, त्या कामाचं काय झालं? अंदमान परत घ्यायची योजना खरंच होती. तिचं नाव 'बकॅनीअर'. नोव्हेंबर १९४३ मध्ये कैरोच्या बैठकीत रूझवेल्टनी चँग कै-शेकला तिचा शब्दही दिला होता. मग तेहरानला स्टालिनशी बोलणं झालं, युरोपातल्या चढाईसाठी किनाऱ्यावर उतरायच्या बोटी हव्या होत्या, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बकॅनीअर रद्द झाली. पोर्ट ब्लेअरच्या कैद्यांवर हेरगिरीचा 'कबुलीजबाब' काढणं चालू होतं तेव्हा तिकडे लढाईच कॅन्सल झालेली होती. कुणालाच कळवायचं कारण नव्हतं, ना जपान्यांना, ना कैद्यांना.

मराठवाड्यातल्या माणसाला यातला एक भाग नवा नाही. १९४७-४८ मध्ये निजामाच्या सरहद्दीवर आपल्या लोकांचे कॅम्प होते. उमरखेडला होता, पैनगंगेच्या अलीकडे. अलीकडे हिंदुस्थान, पलीकडे निजाम. कॅम्पमधले तरुण रात्री नदी ओलांडायचे, करोडगिरी नाका जाळायचा, तारा तोडायच्या, पहाटेच्या आत परत. ३० जानेवारी १९४८ ला उमरीच्या बँकेवर छापा घालून वीस लाखांवर रक्कम नेली ती या लढ्यातली सगळ्यांत गाजलेली मोहीम. तारीख पुन्हा तीच, हा निव्वळ योगायोग. आपल्याकडे या कथा अभिमानाने सांगितल्या जातात, सांगाव्यातच. पण नदी ओलांडून परत जाणाऱ्यांबरोबर गाव परत जात नाही. दुसऱ्या दिवशी रझाकार यायचे ते गावात. कुणाच्या घरी भाकरी खाल्ली, कुणी वाट दाखवली, हे विचारायला. जुन्या माणसांना बोलतं केलं की छाप्यापेक्षा या दुसऱ्या दिवसाबद्दल जास्त ऐकायला मिळतं.

फरक एवढाच की आपल्या गावांना आलेली माणसं कोण आणि कशासाठी हे माहीत होतं. पुष्कळांनी स्वतःच भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. पोर्ट ब्लेअरच्या डॉक्टरला, मास्तरला, कारकुनाला पश्चिमेच्या किनाऱ्यावर कधी पाणबुडी आली आणि कधी गेली हे कळायचा काही मार्गच नव्हता. त्यांना विचारलं जात होतं त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतंच. मॅकार्थी भित्रा नव्हता, उलट त्याच्या धाडसाबद्दल वाचताना अंगावर काटा येतो. त्याच्या सोबतच्या हिंदी शिपायांबद्दल तर दुप्पट, कारण ते पकडले गेले असते तर युद्धकैदी म्हणूनही कुणी मोजलं नसतं. पण हेरगिरीच्या पुस्तकांत हिशेब नेहमी उतरलेल्यांचा असतो. किती गेले, किती परत आले. या हिशेबाने 'बंकम' झकास यशस्वी ठरते.

युद्धाच्या शेवटी धान्य संपलं तेव्हा जपान्यांनी शेकडो लोकांना शेतीसाठी दुसऱ्या बेटावर नेतो म्हणून बोटींत भरलं आणि हॅवलॉकजवळ समुद्रात ढकललं. हे ऑगस्ट १९४५ चं, शरणागतीच्या अगदी तोंडावरचं. हॅवलॉक म्हणजे तेच, जिथे स्कूबा डायव्हिंगचे फोटो काढतात. आता त्याचं नाव स्वराज द्वीप आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रिटिश परत आले, पोर्ट ब्लेअरच्या जिमखाना मैदानावर जपान्यांनी शस्त्रं खाली ठेवली. पावणेदोन वर्षांपूर्वी तिरंगा फडकला होता तेच मैदान.

सेल्युलर जेलच्या सात भुजांपैकी आज तीन उरल्यात. संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोमध्ये सावरकर येतात, कोलू येतो, उपोषणं येतात. हम्फ्रीगंजला ४४ जणांची बलिदान वेदी आहे, पण ती टूर पॅकेजमध्ये सहसा नसते, वेगळी गाडी सांगावी लागते. शहरात दिवानसिंगांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. तिथेही लंगर असतो.